डोरल्यातलं बटण

सखूबाई ओट्यावर नाहीत हे कळलं तेव्हा शिवांजली घाबरली नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं दिवसभर ती स्वतःला याच एका गोष्टीसाठी खात राहिली. हातातलं पातेलं तिनं खाली ठेवलं, परसात बघून आली, न्हाणीत डोकावली आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन कपाटावरचं यंत्र खाली काढलं. सासूबाई याआधीही अशा निघून गेल्या होत्या आणि यंत्रानं त्यांना चहा निवायच्या आत घरी आणलं होतं.

आदल्या दिवशी सासऱ्यांचा, बलभीमरावांचा, तेरावा झाला होता. पाहुणे पांगले होते. मांडववाल्याची भांडी परत करायला तिचा नवरा रणधीर गेला होता. अंगणात पत्रावळ्यांचा ढीग पडला होता आणि घरात जिकडं बघावं तिकडं कामच काम. म्हाताऱ्या माणसावर चोवीस तास नजर ठेवा म्हणणाऱ्यानं एकदा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या घरात येऊन दाखवावं.

सखूबाईंचं डोकं गेल्या काही वर्षांत रिकामं होत चाललं होतं. सुनेला कधी आई म्हणायच्या, कधी जाऊबाई. नवरा समोर बसलेला असायचा आणि या त्याला शोधायला निघायच्या. पायांत दम मात्र असा की तरण्या पोरींनी दमून बसावं. जळकोटच्या अलीकडची त्यांची वाडी. घराच्या एका अंगाला हायवेच्या फाट्याकडं जाणारी सडक, दुसऱ्या अंगाला शेतांमधली पांद, आणि पांदीच्या पुढं नुसता माळ आणि ओढे. म्हातारी कुठल्या अंगाला लागली हे कळायला काही मार्ग नसायचा. दर वेळी अख्खी वाडी हाका मारत रानोमाळ हिंडायची.

मग सोलापूरच्या एका संस्थेनं हे यंत्र दिलं. मोबाईलसारखं रोज चार्जिंगला लावायची भानगड नाही, ओढ्यात उतरलं की रेंज गेली असलं रडगाणं नाही. अंगठ्याच्या नखाएवढं काळं बटण, त्याला केसासारखी बारीक तार. ते माणसाच्या अंगावर ठेवायचं. आपल्या हातात डबा, आणि डब्याला जुन्या टीव्हीवर असायची तसली अँटेना. बटण आपलं सारखं बोलत राहतं आणि डबा ते ऐकतो. अँटेना धरून जागच्या जागी सावकाश फिरायचं. ज्या दिशेला टिकटिक मोठी, त्या दिशेला आपलं माणूस. मोकळ्या माळावर दोन-तीन किलोमीटरवरनं ऐकू यायचं. रणधीरपेक्षा शिवांजलीचाच हात त्यावर चांगला बसला होता, आणि गल्लीतली पोरं तिला बघून विचारायची, वहिनी, आज कुठलं चॅनल लागलंय.

बटण ठेवायचं कुठं, हा घोळ झाला होता. मनगटावरचा पट्टा सखूबाईंनी दातानं तोडला. लुगड्याच्या काठात शिवावं, तर लुगडं रोज बदलणार. शेवटी शिवांजलीनंच डोकं लढवलं. झोपेत, न्हाताना, वेडाच्या भरातसुद्धा सासूबाईंच्या अंगावरनं कधी उतरत नाही असं एकच होतं, ते म्हणजे गळ्यातलं. दोन डोरली आणि काळे मणी. एका दुपारी गोड बोलून तिनं ते उतरवून घेतलं, त्यांच्या समोरच बसून पुन्हा ओवलं, डोरल्याला लागून बटण बसवलं आणि तार मण्यांमधनं मागं नेली. काळ्यात काळं, कुणाच्या नजरेला येईना. ही गोष्ट फक्त नवराबायकोला ठाऊक. भावकीत सांगितली असती तर मंगळसूत्रात मशीन घातली म्हणून गावभर डांगोरा पिटला असता, आणि पहिला आवाज आत्याबाईंचा निघाला असता.

आत्याबाई म्हणजे द्वारकाबाई, बलभीमरावांची धाकटी बहीण. लग्न होऊन पुरती रुळली नाही तोवर नवरा गेला, आणि तेव्हापासून पांढऱ्या कपाळानं जन्म काढलेली बाई. हातानं कष्टाळू, तोंडानं फटकळ, रीतीच्या बाबतीत इकडचं तिकडं खपवून न घेणारी. बलभीमराव गेले तेव्हा सखूबाईंच्या गळ्यातलं उतरवायचा विषय निघालाच. शिवांजलीनं चार बायकांत सांगितलं, आईंच्या गळ्याला कुणी हात लावायचा न्हाय, ग्रामसभेत ठराव झालाय. विधवेच्या अंगावरचं काही उतरवायचं नाही असा ठराव झाला होता खरा. त्याला हात वर करणाऱ्यांनीच घरी जाऊन आपापल्या आयांच्या बांगड्या फोडल्या होत्या, तो भाग वेगळा. बटणाचं मात्र ती बोलली नाही. द्वारकाबाई त्यावर गप्प बसल्या, आणि त्यांना पटलं असं शिवांजली धरून चालली. आज पहाटेच त्या पहिल्या गाडीनं आपल्या गावी जाते म्हणून फाट्यावर गेल्या होत्या.

तर शिवांजली अंगणात उभी राहिली, अँटेना धरून सावकाश फिरली. सडकेच्या अंगाला टिकटिक खणखणीत आली. तिचा जीव भांड्यात पडला. रणधीरला फोन लावून तिनं सांगितलं, आई फाट्याकडं गेल्यात, मोटारसायकल घेऊन या.

तेवढ्यात शेजारच्या मालनबाई आल्या. त्यांनी सांगितलं की सखुआक्का पांदीनं वर माळाकडं गेली, मघाशीच. खाली बघत बघत चालली होती, कायतरी पडल्यावानी. गल्लीतले दोघं-तिघं पांदीकडं निघालेसुद्धा. शिवांजलीनंच त्यांना मागं बोलावलं. उगं उन्हात कशाला तंगडतोड करता, यंत्र फाट्याकडं दाखवतंय, असं ती म्हणाली. मालनबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यांना काय दिसणार, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

"म्या बघितलं गं माझ्या डोळ्यानं," मालनबाई पुन्हा म्हणाल्या.

"मावशी, माणूस चुकंल. हे खोटं बोलत न्हाय," शिवांजली म्हणाली आणि रणधीरच्या मागं बसली.

फाटा जवळ येत गेला तशी टिकटिक मोठी होत गेली, आणि मग एकदम उतरायला लागली. शिवांजलीला आधी वाटलं, अँटेना वाकडी धरली गेली. तिनं सरळ धरली. आवाज उतरतच गेला. फाट्यावर पोचेपर्यंत तो इतका बारीक झाला की ट्रकच्या घरघरीत ऐकूच येईना. चालणारी म्हातारी इतक्या झपाट्यानं लांब जात नसते.  आई कुठल्यातरी गाडीत होत्या.

टपरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, नळदुर्गाकडं बस आत्ताच गेली, लई उशिरा आली आज. एक म्हातारी चढली बघा तिच्यात. मोबाईलमधला फोटो त्याच्या नाकासमोर धरला तेव्हा त्यानं मान हलवली. लुगडं आसंच व्हतं, तोंडावर पदर व्हता, तोंड काय बघितलं न्हाय. शिवांजलीला तेवढं पुरेसं होतं. आपण बुडालो, एवढंच तिला कळलं. नळदुर्गाच्या स्टँडवर उतरून आई कुठं जातील? समोर सोलापूर-हैदराबादचा हायवे, रात्रंदिवस ट्रक वाहतात. ज्या बाईला आपला नवरा गेल्याचं सकाळी सांगावं तर दुपारी आठवत नाही, तिला ट्रकचं काय भान राहणार?

रणधीरनं मोटारसायकल अशी पिटाळली की शिवांजलीला डोळे उघडे ठेवता येईनात. एका हातानं तिनं त्याचा सदरा धरला होता, दुसऱ्या हातात अँटेना. चैताचं ऊन अंगावर ओतल्यासारखं पडत होतं. जरा चढ आला की ती त्याला थांबवायची, खाली उतरून फिरायची, कान डब्याला लावायची. काहीच नाही. पुन्हा बसायचं, पुन्हा पुढच्या चढावर उतरायचं. एका ढाब्यापाशी खाटेवर बसलेल्या ट्रकवाल्यांनी दात काढले. त्यातला एक म्हणाला, ताई, मॅच लागली का? शिवांजलीच्या तोंडात शिवी आली होती, ती तिनं गिळली आणि त्यालाच फोटो दाखवला. तो पटकन उठून उभा राहिला, न्हाय बघितलं म्हणाला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीवाल्यांना सांगून ठेवतो म्हणाला.

रणधीरनं पोलिसांना फोन केला, वाडीत फोन केला.  बापाला जाऊन पुरता पंधरवडा झाला नव्हता. आई गेली तर तोंड कुठं दाखवू, असं तो सारखं म्हणत होता. शिवांजलीला त्याचा राग आला आणि दयाही आली. तोंड दाखवायचं काय घेऊन बसलात, गाडी हाणा, ती ओरडली. मनातल्या मनात ती तुळजापूरच्या आईला साकडं घालत होती. मशीन चालू राहू दे, आई, एवढी टिकटिक बंद पडू देऊ नको.

नळदुर्गाच्या अलीकडच्या चढावर टिकटिक परत आली. बारीक, पण आली. शिवांजलीला भर रस्त्यात रडू कोसळलं. आता आवाज पळत नव्हता, एका जागी थांबला होता. म्हणजे आई उतरल्या होत्या. गावात शिरल्यावर तिनं डब्याची कळ फिरवून आवाज कमी केला, तरी टिकटिक वाढतच गेली. पुन्हा कमी केला, पुन्हा वाढली. यंत्र शिकवणाऱ्या संस्थेच्या बाईंनी सांगितलं होतं, असं झालं की माणूस हाताच्या अंतरावर आलं समजा. स्टँडच्या आत बाकड्यावर, डोक्यावरनं पदर घेऊन, पाठमोरी एक म्हातारी बसली होती. शिवांजली माणसांना ढकलत धावली आणि तिनं मागनंच मिठी घातली.

म्हातारी दचकून वळली. त्या द्वारकाबाई होत्या.

पहिल्या क्षणी शिवांजलीला आनंदच झाला, हेही खोटं नाही. तिला वाटलं, आत्याबाईंनी आईंना आपल्यासोबत आणलं, देवच पावला. तिनं विचारलं, आई कुठंत? द्वारकाबाई तिच्याकडं खुळ्यागत बघायला लागल्या. तुझ्या घरी, म्हणाल्या. पहाटं निघाले तवा झोपली व्हती, मला गाडीच न्हाय घावली, फाट्यावर किती येळ बसून व्हते. शिवांजलीच्या हातातली अँटेना त्यांच्या मांडीवरच्या पिशवीकडं वळली आणि डबा कान फुटेस्तोवर वाजायला लागला. आजूबाजूची माणसं बघायला लागली. शिवांजलीनं पिशवी ओढून घेतली, उलटी केली. लुगडं, चष्मा, प्रसादाची पुडी, आणि पानाची चंची पडली. चंचीत फडक्याच्या घडीत सखूबाईंचं गळ्यातलं होतं.

आत्याबाईंनी मग सांगून टाकलं. काल तेराव्याला न्हाऊ घालताना त्यांनीच ते उतरवलं होतं. शिवांजली चुलीपाशी होती. वहिनी हातानं धरून बसली, सोडंना, तरी उतरवलं. घरात ठेवलं असतं तर ती पुन्हा घालणार आणि चारचौघांत हसं होणार, म्हणून नेऊन नदीला सोडायचं ठरवलं होतं. माझ्या भावाला मुक्ती नको का, असं त्यांनी विचारलं. माझं काढलं तवा कुणी ठराव केला नव्हता, हेही त्या म्हणाल्या, आणि ते म्हणताना त्यांनी पदर गळ्याभोवती ओढून घेतला. पण तेव्हा ते बघायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

शिवांजलीला वाटलं, या बाईच्या एक मुस्काटात द्यावी. हात उचलला नाही एवढंच. तिनं डोरल्याजवळचं काळं बटण त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

"ह्याच्यात आमचा जीव बांधला व्हता, आत्याबाई. तुमी तो काढून पिशवीत घातला."

द्वारकाबाईंना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मला कुणी सांगितलं का न्हाय, एवढंच त्या पुटपुटल्या.  खरंच, का नाही सांगितलं? चार शब्द बोलायचे होते. आत्याबाईंच्या तोंडाला भिऊन ती गप्प बसली होती आणि शहाणपणा केला म्हणून स्वतःवर खूश होती.

रणधीर तिथंच जमिनीवर बसला होता, डोकं धरून. आणि शिवांजलीला एकेक गोष्ट आठवायला लागली. सकाळी आई खाटेखाली हात घालून चाचपत होत्या. वाकळ झटकत होत्या. पदर गच्च लपेटलेला, त्यामुळं गळा दिसला नाही. कामाच्या घाईत तिनंच त्यांना धरून ओट्यावर बसवलं होतं, बसा आता गप, असं म्हणून. मग मालनबाई. खाली बघत चालली होती, कायतरी पडल्यावानी. मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसलं ते हिला दिसलं नाही. ज्याच्यावरनं आई सापडायच्या तेच शोधायला आई गेल्या होत्या, आणि ते इथं, हिच्या मुठीत होतं. डबा अजून जोरजोरात वाजत होता. तिनं तो बंद केला.

रणधीरनं वाडीत फोन लावला. सगळ्यांना पांदीनं वर जायला सांगितलं. उत्तर आलं की पोरं माळावर पोचलीत, हाका मारतायत, कुठं काही दिसत नाही. माळ केवढा पसरलेला, आणि ऊन डोक्यावर आलेलं. सखूबाईंच्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं.

तेव्हा द्वारकाबाई बोलल्या. 

"चिंचंच्या वावरात आसंल ती."

रणधीरनं असलं वावर कधी ऐकलं नव्हतं. ऐकणार कसं, तो जन्मायच्या आधीच ते गेलं होतं. त्याचा पाझर तलाव झाला होता. द्वारकाबाईंनी सांगितलं ते असं. सखूबाई नवी नवरी होऊन आली त्या साली त्या वावरात भुईमूग काढताना तिचं डोरलं पडलं. सासूच्या भीतीनं ती रडायला लागली. बलभीमरावांनी सगळं काम टाकलं आणि तिच्यासोबत ओंजळी-ओंजळीनं माती चाळत बसले, दिवस मावळेपर्यंत. द्वारका तेव्हा परकरी पोर, बांधावर बसून बघत होती. सापडलं तेव्हा भावानं सगळ्या गड्याबायांच्या देखत बायकोच्या गळ्यात बांधलं आणि आईच्या शिव्या खाल्ल्या. वहिनी नंतर कितीतरी वर्षं ते सांगून लाजायची, द्वारकाबाई म्हणाल्या. एवढं बोलून त्या आपणहून मोटारसायकलवर जाऊन बसल्या.

तिघं एका गाडीवर निघाले. निघताना रणधीरनं फोन करून पोरांना तलावाकडं वळायला सांगितलं, पण ती माळाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचली होती. शिवांजलीनं गळ्यातलं मुठीत असं धरलं होतं की डोरल्याची कड तळहातात रुतत होती.  उन्हाळ्यात त्या तलावाचं पाणी मधोमध डबक्याएवढं राहतं. कडेनं भेगाळलेली कोरडी जमीन, वरनं बघावं तर टणक, आणि आत पाण्याच्या बाजूला माणूस गिळणारा गाळ. मागच्या उन्हाळ्यात एक म्हैस पाण्याच्या आशेनं आत शिरली होती. ती कशी गेली ते वाडीनं काठावर उभं राहून बघितलं होतं.

बांधाखाली गाडी टाकून ते पळत वर चढले. खाली, कोरड्या जमिनीच्या कडेला एक चप्पल उलटी पडली होती. दुसरी थोडी पुढं, गाळात अडकलेली. तिथनं पुढं अनवाणी पावलं उमटली होती, आत जाणारी.

सखूबाई पाण्याच्या अलीकडं गाळात कमरेपर्यंत रुतल्या होत्या. जिवंत होत्या. वाकून दोन्ही हातांनी गाळ उपसत होत्या, बोटांनी चाळत होत्या, बाजूला टाकत होत्या आणि पुन्हा हात घालत होत्या. शिवांजलीनं हाक मारली. त्यांनी वर बघितलं नाही.

रणधीर सरळ आत घुसला आणि मांड्यांपर्यंत गेला. कसाबसा मागं आला. मग त्यानं बांधावरच्या बाभळी मोडल्या, काट्यांनी हात फाडून घेतले, फांद्या आडव्या टाकत त्यांच्यावरनं पोटावर सरकत आईपर्यंत पोचला. मागनं शिवांजली. त्यानं आईच्या काखेत हात घातले आणि ओढलं. म्हातारीनं त्याच्या तोंडावर चिखलाचा हात मारला.

"सोड मला. घावलं न्हाय आजून."

पुन्हा ओढलं, त्यांनी पुन्हा अंग मागं टाकलं. प्रत्येक हिसक्याला त्या आणखी खाली जात होत्या. आता गाळ पोटाच्या वर आला होता. ओठ फुटले होते, पाणी हाताच्या अंतरावर असून प्यायल्या नव्हत्या. घरला कशी येऊ, ह्यांला काय दाखवू, एवढंच त्या सारखं म्हणत होत्या. शिवांजली त्यांच्या पाया पडली, रागावली, लहान पोरीला सांगावं तसं सांगितलं. ऐकायला तिथं कुणी नव्हतंच. सखूबाई भुईमुगाच्या वावरात होत्या. शिवांजलीनं मूठ उघडून गळ्यातलं त्यांच्या पुढं धरलं, पण तिच्या हातावर, मण्यांवर इतका चिखल माखला होता की त्यांनी ते ढेकळागत बाजूला सारलं. ते बोटांतनं निसटता निसटता वाचलं. रणधीर आता हुंदके देऊन रडत होता आणि आईचे खांदे नुसते धरून होता, जाऊ नये म्हणून.

मागं फांद्या करकरल्या. द्वारकाबाई गुडघ्यांवर रांगत येत होत्या. लुगडं काट्यांत अडकलं तर ते त्यांनी ओढून फाडलं. त्यांनी शिवांजलीच्या हातातनं गळ्यातलं घेतलं, पाण्यात हात लांब करून स्वच्छ धुतलं, आपल्या पदरानं पुसलं. दोन्ही डोरली उन्हात लखलखली.

"घावलं, वहिनी. हे बघा," त्या म्हणाल्या.

सखूबाईंचे हात थांबले. द्वारकाबाईंनी ते त्यांच्या गळ्यात घातलं आणि मानेमागं फासा लावला. ज्या हातांनी नवरा गेल्यापासून हळदीकुंकवाचं ताटसुद्धा उचललं नव्हतं, लग्नात अक्षतासुद्धा लांबनंच टाकल्या होत्या, त्यांनी विधवेच्या गळ्यात मंगळसूत्र बांधलं. फासा नीट बसला का ते त्यांनी पुन्हा चाचपून बघितलं.

मग म्हातारीनं अंग सैल सोडलं. तिघांनी मिळून, इंच इंच करून, त्यांना गाळातनं उपसून काढलं आणि फांद्यांवरनं ओढत कोरड्या जमिनीवर आणलं. बाटलीतलं पाणी त्या घटाघटा प्यायल्या. वाडीतली पोरं बांधावर दिसायला लागली होती. शिवांजली सासूच्या पायांवरचा चिखल नुसत्या हातांनी काढत होती आणि तिला स्वतःचं रडणं थांबवता येत नव्हतं. रणधीर आडवा पडला होता.

सखूबाईंनी डोरल्यांवरनं हात फिरवला. मग समोर बसलेल्या नणंदेकडं बघितलं. द्वारकाबाईंचा पदर ओढाताणीत कुठंतरी गळून पडला होता. सखूबाई जरा पुढं सरकल्या आणि त्यांनी आपला चिखलानं भरलेला हात तिच्या मोकळ्या गळ्यावर ठेवला.

"वन्सं, तुमचं कुठं पडलं?"

 द्वारकाबाईंनी तो हात तसाच धरून ठेवला.

"माझं जाऊन लई वरसं झाली वहिनी," त्या म्हणाल्या. "आता न्हाय घावायचं."

"घावतंय की," सखूबाई म्हणाल्या आणि उठायला लागल्या. "ह्यांला हाक मारते. हे देतेत हुडकून."

आणि त्या कोरड्या तलावात उभं राहून त्यांनी नवऱ्याला हाक मारली. मग पुन्हा मारली. कुणी त्यांना थांबवलं नाही.